गुरूत शनी

बाबा परांचीवरून पडले त्या वर्षापासून आमच्या घराला तळणीचा वास लागला. त्याआधी घराला लोखंडाचा वास होता. बाबा जहाजांच्या यार्डात वेल्डर होते आणि कितीही धुतली तरी त्यांची निळी डांगरी खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळतानासुद्धा जळक्या लोखंडाचा वास सोडायची. सिंगापुरात चोआ चू कांगमधल्या आमच्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आमच्या दोन मजले खाली उतरायचं आणि वर चढायचं. कमरेचं हाड मोडलेला माणूस कुबड्या घेऊन ते जिने चढायचा आणि प्रत्येक वळणावर टेकून "आलो, आलो" असं वर ओरडायचा, जणू आई त्याच्यासाठी दारात खोळंबली होती. ती खोळंबलेली नसायची. तिच्या हातात सोऱ्या असायचा आणि कढईत चकल्या. यार्डानं बाबांना परत घेतलं, पण वेल्डर म्हणून नाही. स्टोअरमध्ये स्टुलावर बसून हातमोजे आणि बोल्ट वाटायला. बाकीचं घर आईच्या कढईवर चालू लागलं. खालच्या मजल्यावरची चिनी आजी तळणीचा धूर आला की खिडकी धाडकन लावायची आणि दिवाळीत मात्र चकलीचा डबा मागायला स्वतः वर यायची. "व्हेरी क्रंची लाह," तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, आणि आई लाजून हसायची. आई चौथी शिकली होती, बाबा दहावी नापास झाल्यावर कराडला आयटीआय करून इकडे आले होते. दोन्ही घराण्यांत कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. हे मी बायोडेटात लिहीत नाही, पण इथं लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बाबा का पडले, याची आमच्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची. राहूत मंगळ लागला होता, म्हणून पडले. ही गोष्ट लिमये काकांची. लिमये काका पुण्याचे, ईस्ट कोस्टला कॉन्डोत, म्हणजे बड्या लोकांच्या खासगी सोसायटीत, राहायचे, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मोठे मॅनेजर होते. न्यूयॉर्क, लंडन, टोकियो, सगळीकडच्या घड्याळांचं गणित जुळवणारी कामं त्यांच्या हाताखाली चालायची, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्याकडच्या गणपतीच्या मखराचा लोखंडी सांगाडा बाबा दर वर्षी जोडून द्यायचे. अशाच एका गणपतीत काकांनी बाबांची पत्रिका मांडली आणि म्हणाले, "जाधव, तुम्हाला राहूत मंगळ लागतोय. आग, लोखंड आणि उंची, तिन्हीपासून जपा." काही महिन्यांनी बाबा पडले. त्या दिवसापासून लिमये काका आमच्या घरात देव झाले.

मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. वेल्डरला आग, लोखंड आणि उंचीपासून जपा म्हणायला ग्रह कशाला लागतात? कोळ्याला पाण्यापासून जपा म्हणा! बाबा जिथून पडले तिथं कठडा नव्हता. कठडा काढून दुसरीकडे वापरला होता, कारण काम लवकर संपवायचं होतं. ही गोष्ट यार्डातल्या प्रत्येकाला माहीत होती, बाबांनाही. पण मंगळाला दोष दिला की कुणाशी भांडावं लागत नाही. मंगळ कॉन्ट्रॅक्ट रद्द करत नाही. मी आज इंजिनिअर आहे, आणि माझ्या हाताखालच्या साइटवर माझी सही झाल्याशिवाय परांचीवर माणूस चढत नाही. कुणाला कुठल्या ग्रहाची दशा चालू आहे हे मी विचारत नाही. कठडा हलवून बघते.

तर, काकांचा शब्द आमच्याकडे कायदा झाला आणि त्या कायद्याखाली मी वाढले. रविवारी आई त्यांच्याकडे पुरणपोळ्या नाहीतर मोदक पोचवायला जायची, डबे धरायला मी. ट्रेन बदलून, मग बस. बसच्या एसीत पोळ्या गार होऊ नयेत म्हणून आई डबा पदराखाली घेऊन बसायची. काकांच्या हॉलमध्ये पाच-सहा जण पोहे खात बसलेले असायचे आणि काका मांडीवर लॅपटॉप घेऊन सगळ्यांच्या दशा, म्हणजे कुणाला कुठल्या ग्रहाचा काळ चालू आहे ते, सांगायचे. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. बसा कुणी म्हणायचं नाही असं नाही, म्हणायचे. पण आई बसायची नाही आणि तिच्यामुळे मीही नाही.

उभ्या उभ्या मी ते शास्त्र शिकले. हे खरं आहे आणि मला ते लपवायचं नाही. मला ते आवडायचं. काका सांगायचे छान. "महादशेचा स्वामी म्हणजे फ्लॅटचा मालक," ते म्हणायचे, "आणि अंतर्दशेचा स्वामी म्हणजे त्यानं ठेवलेला भाडेकरू. घर मालकाचंच. पण रोज स्वयंपाकघरात भांडी कोण आपटतं? भाडेकरू. म्हणून नुसता मालक बघून चालत नाही. दोघांचं जमतं का ते बघायचं." मग दोन ग्रह पत्रिकेत एकमेकांपासून कितव्या घरात बसलेत ते मोजायचं. पाचवा-नववा असतील तर एकमेकांना चहा विचारणारे. दुसरा-बारावा असतील तर एकानं आणायचं आणि दुसऱ्यानं उधळायचं. आणि सहावा-आठवा असतील तर ते षडाष्टक. एका छपराखाली राहून एकमेकांचं तोंड न बघणारे. आमच्या चोआ चू कांगमध्ये खोली भाड्यानं दिलेली अशी घरं मी रोज बघत होते, त्यामुळे मला हे पटकन कळायचं. शिवाय काका असंही सांगायचे की नुसत्या षडाष्टकावर कधी बोलू नये. दोघांची मुळातली मैत्री बघावी, कोण कुठल्या घराचा मालक आहे ते बघावं, मग तोंड उघडावं. हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं होतं.

माझ्या बाबतीत मात्र त्यांनी एवढं काही बघितलं नाही. मी इथलीच, सिंगापूरच्या इस्पितळात भर दुपारी जन्मलेली. बाबा प्लास्टरमध्ये असताना काकांनी माझी पत्रिका मांडली. राहूची महादशा संपत आलीय, संपताना राहू फणा मारून जातो, म्हणाले, पाण्यापासून जपा. झालं. शाळेत सगळी पोरं पोहायला शिकली आणि मी बाकावर त्यांचे टॉवेल सांभाळत बसले. शाळेच्या कॅम्पला सगळा वर्ग बेटावर गेला, मी गेले नाही. शिक्षिकेनं कारण विचारलं. इंग्रजीत राहू कसा सांगायचा ते मला माहीत नव्हतं, मी पोट दुखतंय म्हणाले. मैत्रिणी म्हणायच्या, "युअर फादर व्हेरी स्ट्रिक्ट, लाह." स्ट्रिक्ट! बाबांनी जन्मात माझ्यावर हात उगारला नाही. भाजीवाल्यालासुद्धा जास्त बोलत नसत. ते स्ट्रिक्ट नव्हते, ते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मी ज्युनिअर कॉलेजची परीक्षा दिली आणि निकाल असा लागला की आमच्या ब्लॉकखाली डॉमिनोजच्या सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. युनिव्हर्सिटीत स्थापत्य अभियांत्रिकीला जागा मिळाली. फीसाठी कर्ज मिळणार होतं, शाळेतल्या बाईंनी सगळं समजावून दिलं होतं. फक्त ठरलेल्या सोमवारपर्यंत कॉम्प्युटरवर होकार कळवायचा होता. मी उड्या मारत घरी आले. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "काकांना इचारू." आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला. आई कढईखालचा गॅस बारीक करून आली, म्हणजे नीट ऐकू यावं.

"जाधव, अभिनंदन. पण वेळ बरोबर नाही हो," काकांचा आवाज आला. "गुरूची महादशा, ती चांगलीच. पण त्यात शनीची अंतर्दशा लागलीय नुकतीच. गुरू वृषभेत, शनी धनूत. सरळ षडाष्टक. आता सुरू केलेलं शिक्षण अर्धवट सुटणार, वर कर्ज अंगावर. अडीच वर्षं थांबा. तोवर पोरीला नोकरी करू दे कुठंतरी. पुढं बुध येतोय, विद्येचा. तेव्हा बघू."

"काका," मी मधेच म्हटलं, "तुम्हीच म्हणता नुसत्या षडाष्टकावर बोलू नये. गुरू-शनी शत्रू नाहीत ना? एकमेकांना सम आहेत."

मग ते हसले. "बाळ, दारात उभं राहून ऐकलेलं अर्धवट ज्ञान फार वाईट असतं." आणि बाबांना म्हणाले, "हुशार आहे. पण हुशारी शनीपुढे चालत नाही."

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अडीच वरीस काय, असं जातंय."

मी आईकडे बघितलं. आईनं गॅस मोठा केला.

त्या वेळची एक गोष्ट मला अजून पचत नाही. काकांची मुलगी ऋजुता माझ्याच वयाची होती. ती त्याच वर्षी शिकायला लंडनला चालली होती आणि तिला साडेसाती चालू होती. हे मी कुठून ऐकलं? त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच हॉलमध्ये. कुणीतरी विचारलं, साडेसातीत पोरीला इतक्या लांब पाठवताय? तर काका म्हणाले, "शनिवारी तेल वाहतो मारुतीला. शिक्षण थांबवून कसं चालेल?" सगळे माना डोलवून हो म्हणाले. त्यांच्या पोरीच्या शनीला तेल पुरत होतं. माझ्या शनीला मी घरी बसायला हवी होते. शिवाय त्या सुमाराला जन्मलेल्या झाडून सगळ्या पोरांच्या पत्रिकेत गुरू वृषभेत आणि शनी धनूतच असणार, हे ग्रह एवढ्या लवकर हलत नाहीत. म्हणजे ऋजुताच्याही पत्रिकेत ते षडाष्टक होतं. माझ्या निम्म्या वर्गाच्या पत्रिकेत होतं. अख्खा वर्ग युनिव्हर्सिटीत चालला होता. मी आठवडाभर बाबांशी बोलले नाही. आईनं माझ्यापुढे ताट ठेवायचं, मी जेवायचं, ताट घासायचं. घरात नुसता पंख्याचा आवाज, आणि पहाटे बाहेरच्या झाडावर कोकीळ असा ओरडायचा की त्याची मान मुरगाळावीशी वाटायची.

तो सोमवार यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, काकांच्या कॉन्डोत बारसं होतं. त्यांच्या शेजारच्या अमेय नावाच्या तरुण इंजिनिअरच्या पहिल्या मुलाचं. घर लहान म्हणून सोहळा काकांच्या हॉलमध्ये. घुगऱ्या आणि पुरणपोळ्यांची ऑर्डर आईला होती. मी येत नाही म्हणाले. आई म्हणाली, "एवढं वझं मी एकटी न्हेऊ व्हय?" म्हणून गेले. पाळणा फुलांनी सजवलेला, समुद्राकडून वारा येत होता, बायका "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करून बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवत होत्या. छान होतं सगळं. मी तोंड पाडून घुगऱ्या वाटत होते.

नाव ठेवून झालं आणि काकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. बाळाची पत्रिका सगळ्यांना दिसावी म्हणून मोठ्या पडद्यावर. "वेळ सांग रे, अमेय."

"सकाळी सव्वासात, काका. मला पक्कं आठवतं. नर्सनं त्याला माझ्या हातात दिलं आणि खिडकीतून बघतो तर सूर्य नुकताच वर येत होता. एकदम लाल गोळा. मी त्याला म्हटलं, बघ, तुझ्यासाठी आलाय." सगळे "अय्या" म्हणाले. अमेयच्या बायकोनं डोळे टिपले.

काकांनी बटणं दाबली. पत्रिका पडद्यावर आली. काका लग्नापासून, म्हणजे पत्रिकेच्या पहिल्या घरापासून, सांगायला लागले आणि मी घुगऱ्यांचं पातेलं हातात घेऊन पडद्याकडे बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. सूर्य उगवतो म्हणजे काय? पूर्वेच्या क्षितिजावर जी रास असते तेच लग्न. मूल सूर्योदयाला जन्मलं तर सूर्य लग्नात हवा, फार तर एक पाऊल वर सरकून बाराव्या घरात. त्या पडद्यावर सूर्य अकराव्या घरात होता. पार वर चढलेला, लोक ऑफिसात पोचून चहा पितात त्या वेळेचा सूर्य.

"काका," मी दारातून म्हटलं, "सूर्य अकराव्यात कसा?"

"म्हणजे?"

"बाळ सूर्योदयाचं आहे ना? अमेयदादांनी उगवताना बघितला. मग अकराव्यात कसा गेला?"

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. काकांना मात्र कळलं. ते चष्मा काढून पडद्याजवळ गेले, परत आले, लॅपटॉपमध्ये डोकं घातलं आणि मोठ्यानं हसले. "अरेच्चा! टाइमझोन! गावाचं नाव सिंगापूर घातलं, पण घड्याळ भारताचंच राहिलं. हे सॉफ्टवेअर पुण्याचं आहे ना, त्यात तेच ठरलेलं असतं." त्यांनी काहीतरी बदललं. पत्रिका फिरली. सूर्य लग्नात येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पोरगी तल्लख आहे हं, जाधववहिनी," कुणीतरी म्हणालं. आईचा चेहरा फुलला.

माझ्या हातातलं पातेलं जड झालं. "काका, माझी पत्रिका पण ह्याच लॅपटॉपवर केली होती ना?"

काका हसायचे थांबले. मग म्हणाले, "हो गं. थांब, बघू."

त्यांनी माझी पत्रिका तिथंच, पन्नास माणसांसमोर, टीव्हीवर काढली. माझी दुपार भारताच्या घड्याळानं मोजली होती, म्हणजे मला खऱ्या वेळेहून अडीच तास उशिरा जन्माला घातलं होतं. अडीच तास म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण दशा मोजतात चंद्रावरून, आणि चंद्र तेवढ्यात सव्वा अंशाच्या वर सरकतो. माझा जन्म राहूच्या दशेतला, अठरा वर्षांची दशा. चंद्राच्या एवढ्याशा पावलानं राहू तेवढा आधी संपत होता आणि माझं सगळं आयुष्य पावणेदोन वर्षं अलीकडे ओढलं गेलं होतं. पोहायला न जाण्याची वर्षं, कॅम्प, टॉवेल, सगळं. ज्या माणसाची बँक जगभरची घड्याळं जुळवायला त्याला पगार देत होती त्यानं माझं घड्याळ बघितलं नव्हतं. बाबांची पत्रिका बरोबर होती, कारण ते कराडकडे जन्मले. चुकली ती इथं जन्मलेलीची.

"अरे वा!" काका टाळी वाजवून म्हणाले. "शनी अजून लागलाच नाही. गुरूत गुरूच चालू आहे! मालकही तोच, भाडेकरूही तोच. विद्येला याहून चांगला काळ नाही. वहिनी, जाधवांना सांगा, बिनधास्त घाला हो पोरीला कॉलेजात!"

चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. माफ कर, असं तर नाहीच. वर पोहे खाता खाता दोघा-तिघांना म्हणाले, "बघा, शास्त्र कधी खोटं नसतं. माहिती बरोबर द्यावी लागते." माहिती! माझी माहिती बरोबरच दिली होती. आईनं वेळ सांगितली होती, इस्पितळ सांगितलं होतं.

आई मात्र स्वयंपाकघरात गेली, देव्हाऱ्यासमोर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. आनंदानं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी रिकामे डबे आवरले. बसमध्ये आई बाबांना फोन करून सांगत होती, "अवं, गुरूत गुरू! व्हय! काका सोताच म्हणले." पण मला आनंद झाला नव्हता. गेला आठवडाभर होता त्याहून मोठा राग होता.

घरी पोचलो तर बाबा दारात उभे. हातात पेढ्यांचा पुडा, खालच्या दुकानातून आणलेला. "सोमवारची वाट कशाला, आत्ताच दाब ते बटण," म्हणाले. शेजाऱ्याच्या मुलाकडून त्यांनी कॉम्प्युटरसुद्धा मागून आणून ठेवला होता, टेबलावर, उघडून.

"नाही," मी म्हटलं.

"काय न्हाई?"

"मी नाही जाणार."

आईच्या हातातला डबा खाली पडला. "येडी का खुळी तू?"

"आठवडाभर मी सांगत होते, तेव्हा नाही. बाई सांगत होत्या, तेव्हा नाही. निकाल समोर होता, तेव्हा नाही. आणि त्या माणसानं एक आकडा बदलला की हो? बाबा, मी तीच आहे ना? सकाळी होते तीच?"

"पोरी, आता गुरू..."

"गुरू किती दिवस राहील ठाऊक आहे का तुम्हाला? मी सांगते, मला येतं मोजायला. दीड वर्ष. त्यानंतर शनी. खराखुरा शनी, घड्याळ बरोबर लावून. तेच षडाष्टक, अडीच वर्षं. मी दुसऱ्या वर्षाला असेन. तेव्हा काय करणार? मला वर्गातून उचलून आणणार?"

हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, दुखऱ्या बाजूला हात टेकून.

"चुकीच्या पत्रिकेनं मी थांबायचं आणि बरोबर पत्रिकेनं मी जायचं, असं मला नको," मी म्हणाले. आवाज चढला होता, खाली डॉमिनोज थांबले असणार. "तुम्ही सांगा. लिमये काकांनी नाही, गुरूनं नाही. तुम्ही माझे बाप. तुम्हाला वाटतं का मी शिकावं? शनीत पण? नाहीतर हे बटण मी दाबत नाही. राहू दे सगळं."

आई म्हणाली, "बापाला असं बोलत्यात व्हय?" बाबांनी तिला हातानं थांबवलं. बराच वेळ ते पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडत बसले. गाठ सुटत नव्हती. मग म्हणाले, "वैजू, मला त्यातलं कायबी कळत न्हाई गं. युनिव्हर्सिटी म्हणजे काय, आत काय करत्यात, तू जाशील तर कुठं बसशील, कुणाबरोबर बोलशील. तुला तिथं काय झालं तर मी कुणाला इचारू? ग्रहाचं निदान कुणीतरी समजावून सांगतंय. म्हणून त्येंना इचारतो." आणि माझ्याकडे बघून, यार्डात मुकादमाशी बोलताना त्यांचा आवाज व्हायचा तसा नाही, त्याहून वेगळ्या, मी आधी न ऐकलेल्या आवाजात: "मला कठडा नव्हता. मी बोललो न्हाई. तवाच बोलायला पायजे होतं. जा तू. मी सांगतो म्हणून जा. शनी आला तरी जा, त्याचा बाप आला तरी जा."

मी बटण दाबलं. रागानंच दाबलं, आनंदानं नव्हे. लोक म्हणतात असे क्षण गोड असतात. मला तो गोड लागला नाही. पेढासुद्धा मी दुसऱ्या दिवशी खाल्ला.

लिमये काका अजून आहेत, निवृत्त होऊन तिथंच ईस्ट कोस्टला. मधे एका लग्नात भेटले. चार माणसांत मला पुढं करून म्हणाले, "हिचं इंजिनिअरिंग मी सांगितलं होतं. गुरूत गुरू!" मी हसले नाही. म्हटलं, "आणि त्याआधी शनी पण तुम्हीच सांगितला होता, काका." त्यांनी विषय बदलला. आमच्या ऑफिसातल्या काही मुली मला अजून विचारतात, ताई, तुला येतं ना ते, बघ ना माझी दशा. मी बघत नाही. येतं म्हणूनच बघत नाही. मालक-भाडेकरूंचं ते गणित सुंदर आहे, हे मी आजही म्हणेन. पण ते ज्याच्या हातात असतं तो स्वतःच्या पोरीसाठी एक वाचतो आणि चकलीवालीच्या पोरीसाठी दुसरं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझी मुलगी पोहते. माशासारखी पोहते. आजोबा बाकावर बसून तिचा टॉवेल सांभाळतात, आणि तिची पत्रिका आम्ही काढलेली नाही.

शनी बरोबर वेळेवर लागला, मी दुसऱ्या वर्षात असताना. त्या काळात मी एका विषयात नापास झाले, पुन्हा दिला आणि पास झाले. आईला गुडघ्याचं दुखणं निघालं, मी सुट्टीत चकल्या पाडल्या. बाबांनी एकदाही काकांना फोन केला नाही. चौथ्या वर्षाच्या शेवटी मोठ्या सभागृहात माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा बाबा डांगरी नव्हे, शर्ट घालून वरच्या रांगेत बसले होते, आणि मी बघेपर्यंत दोन्ही हात वर करून उभे होते. मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. जाधवांच्या घरातली ती पहिली पदवी.